मूळ आत की बाहेर

फेब्रुवारी सरत आला आणि मालदांडीची ताटं पिवळी पडली, की आबांना घरात करमत नसे. आबा गावचे निवृत्त कोतवाल. बहात्तरच्या दुष्काळानंतर नोकरीला लागले, ते साठी होईपर्यंत तलाठ्याचं दप्तर वाहत राहिले, दवंड्या देत राहिले आणि दर सुगीला पीक कापणी प्रयोगाची दोरी धरत राहिले. तलाठी बदलले, साहेब बदलले, वहीच्या जागी मोबाइल आला. दोरीचं एक टोक मात्र आबांच्याच हातात राहिलं. निवृत्त झाल्यावरही कुठं प्रयोग आहे म्हटलं, की ते बोलावण्याची वाट न बघता बांधावर जाऊन उभे राहत.

यंदा चिठ्ठीत त्यांच्याच रानाचा गट नंबर निघाला. मोडनिंबहून अरणकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं चार एकर रान, दोन एकर उमराण बोरं आणि दोन एकर ज्वारी. कृषी सहायक सकाळीच आला. पंचविशीतला पोरगा. त्यानं मोबाइलमध्ये बघून आकडे सांगितले. नैऋत्येच्या कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीकडे, इतकी रुंदीकडे. तिथं खुंटी ठोकली आणि 10 मीटर बाय 5 मीटरची चौकट आखली. आबांनी दोरी ताणली. चार-पाच शेजारी तमाखू मळत उभे होते. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, की या चौकटीतल्या दाण्यांवर एकट्या आबांचा नव्हे, सगळ्या महसूल मंडळाचा विमा ठरतो. उतारा कमी भरला तर भरपाई, जास्त भरला तर रामराम.

दोरीच्या काठावर एक जाडजूड ताट आत झुकलेलं होतं. कणीस मुठीत मावत नव्हतं. कृषी सहायक म्हणाला, "हे घ्यायचं ना? कणीस आत आहे."

आबा खाली बसले. ताटाच्या बुडातली माती बोटानं सारली. "मूळ बाहेर हाय. सोडा."

शेजाऱ्यांना हायसं वाटलं. दोन हात पुढे गेल्यावर दुसरं एक ताट चौकटीबाहेर कललेलं होतं. एका शेजाऱ्यानं ते पायानं आणखी थोडं बाहेर रेटलं आणि भलतीकडे बघत राहिला. आबा तिथंही बसले. "मूळ आत हाय. उपटा."

"आबा, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय," शेजारी म्हणाला.

"दुष्काळात तुमच्यासारखे बाहेर ढकलायचे, पीक बरं असलं की एखादा साहेब आत ओढायचा. ताटाला दोघंबी सारखेच." आबा उठले आणि गुडघ्याची माती झटकली. "कनीस वाऱ्यानं कुटंबी जातं. मूळ जात न्हाई."

बांधावर बसलेली त्यांची नात हे बघत होती, पण अर्ध्या मनानं. घरात ती थोरली, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. बी.एस्सी.ला तिचा संख्याशास्त्र विषय होता, शेवटचं वर्ष चालू होतं, आणि हातातल्या मोबाइलवर चार प्रवेश अर्ज उघडे होते. पुढं तिला जैवसांख्यिकीत एम.एस्सी. करायची होती. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "म्हंजी डॉक्टर व्हणार का मास्तरीण?" तिनं सांगितलं होतं, "डॉक्टरांचं औषध खरंच लागू पडतं का, ते मोजणारी." आप्पांना पटलं असावं, कारण ते एवढंच म्हणाले, "मग लई जनांला नको होशील."

चार अर्ज चार दिशांचे होते. एक मुंबईला, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा. 1956 साली निघालेली ही संस्था. देशभर घरोघर फिरून बायकांची, बाळांची, जन्ममरणाची माहिती गोळा करणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 1992–93 पासून हीच संस्था चालवते. तिथं जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्र एकत्र शिकवतात. दुसरा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा. तिथं रुग्णालय दाराशीच, औषधांच्या चाचण्या डोळ्यांसमोर. तिसरा सोलापूर विद्यापीठाचा, एम.एस्सी. संख्याशास्त्राचा. विषय तिला हवा त्याच्या जरा अलीकडचा, पण घरापासून एका एसटीच्या अंतरावर. चौथा पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचा. त्याचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत होतं, की आप्पांनी ते हातात घेण्याआधी हात धुतले. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शंभर टक्के प्लेसमेंट.

ताईचं मन त्या पानावर अडकलं होतं. वर्गातली तिची जिवाभावाची मैत्रीण तिथंच जाणार होती. फी मात्र अशी, की दोन एकर बोरांचा तीन वर्षांचा पैसा एका वर्षात गेला असता. "कर्ज काढू," ती म्हणत होती, "नोकरी तर पक्की आहे."

आप्पांनी आयुष्यभर मोडनिंबच्या बाजारात बोरं विकलेली. ते म्हणाले, "ताई, ही पोत्यातली वरची बोरं हायती. तळाला हात घालून बग."

आबा खाटेवरून बोलले, "न्हाई रं. वर चांगली बोरं लावणं म्हंजी चोरीच की, ती शेंबडं पोरगंबी वळखतंय. ह्यात तसं नसंल. पोरी, ते शंभर कशाचे शंभर, तेवढं इचार."

संख्याशास्त्र शिकलेल्या पोरीला कोतवालानं छेद विचारायची आठवण करून द्यावी, याची तिला लाज वाटली. तिनं ओळखीनं ओळख काढत तिथं शिकून गेलेल्या कुर्डुवाडीच्या एका मुलीचा नंबर मिळवला. अर्धा तास बोलणं झालं. फोन ठेवल्यावर ती आबांजवळ येऊन बसली.

"आबा, वर्गात वीस जणं होती. प्लेसमेंटसाठी नाव नोंदवायला चांगले गुण लागायचे. बारांनी नोंदवलं, बारांना नोकरी लागली. म्हणून शंभर टक्के. त्यातल्या तिघांना त्याच कॉलेजात सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून घेतलं होतं. उरलेली आठ कागदावर कुठंच नाहीत."

"खोटं लिव्हलंय का मग?"

ती थबकली. "नाही. खोटं एक अक्षरही नाही."

"तेच," आबा म्हणाले. "दोरीच अशी लावलीया, की उभं ऱ्हायलेलं तेवढं आत."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिनं सरांना ही गोष्ट सांगितली. सर खुर्चीतून उठून फळ्यापाशी गेले. म्हणाले, "तुझ्या आजोबांच्या काठावरच्या ताटानं एकेकाळी देशातल्या मोठमोठ्या संख्याशास्त्रज्ञांत वाद लावला होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव ऐकलंय? साताऱ्याकडच्या बुधचे, जन्म 1911 चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून 1936 साली पीएच.डी. करून आले. पिकाचा अंदाज काढायला चौकट केवढी असावी, हा तेव्हाचा प्रश्न. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस, त्यांची माणसं लहान चौकटी घेत. खर्च कमी, काम झटपट. सुखात्म्यांनी दाखवलं, की लहान चौकट उतारा फुगवते. 1946 साली 'नेचर'मध्ये त्यांचा त्यावर लेख आला."

त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. "1 मीटर बाय 1 मीटरची चौकट घे. आतली जागा 1 चौरस मीटर आणि काठ 4 मीटर. आता आजोबांची 10 बाय 5 ची घे. जागा 50 चौरस मीटर, काठ 30 मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे काठ फक्त 60 सेंटिमीटर. चूक होते ती काठावर, कारण काठावरचं ताट आत घ्यायचं की नाही हे माणूस ठरवतो, आणि समोर भरलेलं कणीस असलं की माणसाचा हात आत ओढतो. कुणी लबाडी करत नाही. प्रत्येक जण एक-दोन ताटांपुरता उदार होतो, एवढंच."

खडू ठेवता ठेवता सर म्हणाले, "हेच सुखात्मे पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले आणि माणसाला अन्न किती लागतं, भुकेलेला कुणाला म्हणायचं, या प्रश्नात शिरले. ज्वारीच्या काठावरून माणसाच्या पोटाच्या काठावर. तुला जो विषय शिकायचाय ना, तो आपल्याकडे या वाटेनंही आलाय."

ताई हरखून घरी आली. पुण्याचा अर्ज तिनं मिटवून टाकला. दुसऱ्याचं काठावरचं ताट पकडल्याचा आनंद मोठा असतो. तो तिला दोन दिवस पुरला.

तिसऱ्या रात्री ती एका अर्जासोबत जोडायचं निवेदन लिहायला बसली. पोरं ज्याला एसओपी म्हणतात, तेच. मला हा विषय का शिकायचाय, आजवर मी काय केलं, वगैरे. तिच्याजवळ सांगण्यासारखं एक काम होतं. तिची आई वाडीवरची आशा सेविका. बाळंतीण घरी आली, की आई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळाला बघे. झोळीत घालून काट्याला लावी, ताप बघे, दूध पितं का विचारी आणि वहीत लिही. त्या वह्यांमधली वजनं घेऊन, नावं गाळून, ताईनं कॉलेजात प्रकल्प केला होता. आलेख असा सुरेख आला होता, की सरांनी तो वर्गात दाखवला. मध्ये फुगलेला, दोन्हीकडे उतरता, देवळातल्या घंटेसारखा.

तिनं इंग्रजीत लिहिलेलं आबांना मराठीत वाचून दाखवलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं. मग आलेखाचा कागद मागितला आणि दिव्याखाली धरला.

"लई गुळगुळीत हाय," ते म्हणाले. "रानात एवढं गुळगुळीत काय येत न्हाई."

ताई गप्प झाली. आबांना आलेख वाचता येत नव्हता. पण चाळीस सुगीत त्यांनी इतके उतारे पाहिले होते, की फार सरळ दिसणारा आकडा त्यांना टोचत असे.

खरी गोष्ट तिला एकटीला माहीत होती. पहिल्यांदा तिनं आलेख काढला, तेव्हा शंभर-शंभर ग्रॅमचे वर्ग पाडले होते. तेव्हा घंटेच्या अंगातून एक शिंग वर आलं होतं, बरोबर अडीच किलोवर. त्याच्या लगतच डावीकडे, 2.4 वर, खड्डा. मग तिनं वर्ग पाचशे ग्रॅमचे केले. शिंग पोटात गेलं, खड्डा बुजला. एकही आकडा बदलला नव्हता. पुस्तकात वर्ग केवढा घ्यायचा याचा कायदा नाही. एक अक्षरही खोटं नव्हतं.

तिला स्वतःचंच वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली.

अडीच किलो ही साधी खूण नाही. त्याच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, त्याला जास्त जपायचं. 2.4 ची बाळं 2.5 च्या ओळीत गेली होती, आणि ती तिथं नेणारा हात तिच्या आईचा होता. शिंग दाखवायचं म्हणजे आईला दाखवायचं. ताईनं वर्ग रुंद केले होते ते यासाठी.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तव्यावरची भाकरी उलटली, पीठ लागलेला हात परातीच्या काठावर पुसला आणि पाठमोरीच बोलली.

"काटा काय एका जागी ऱ्हातो का? बाळ पाय झाडतं, सुई हालती. चोवीस बी दाखवती, पंचवीस बी दाखवती. दारात सासू हुबी असती. 'किती भरलं?' म्हणती. चोवीस म्हणलं, की पोरीला रोजचं टोमणं. काय खाल्लं न्हाई, काडीचं पोरगं दिलं. ओली बाळंतीण ती. मग मी वरचा आकडा धरायची."

कुणीच काही बोललं नाही. भाकरी फुगली, आईनं ती काढून ठेवली.

आबा हळूच म्हणाले, "सूनबाई, तू आत वडलंस ते मायेनं वडलंस. पर मूळ बाहेर हुतं."

"व्हय," आई म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "ती पोरं धड हायती सगळी. शाळंत जात्यात. पर ती माज्या आकड्यानं न्हाई वाचली, नशिबानं वाचली." तिनं मान वळवून लेकीकडे बघितलं. "लिव्ह जसं हाय तसं. बाळांची नावं नको, बायांची नको. माजं लिव्हलंस तर चालंल."

ताईला त्या रात्री झोप लागली नाही. तिला आईच्या खांद्यावरच्या पिशवीचा विचार येत होता. ती पिशवी, तो काटा, त्या ठरावीक दिवसांच्या फेऱ्या, हे सगळं कुठून आलं, ते तिनं वाचलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या 47 गावांशी ताडून बघितलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. 1999 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढं 2011 पासून देशभरच्या आशांच्या कामात आलं. त्या गावांत जन्मलेलं आणि दगावलेलं प्रत्येक बाळ कुणीतरी मोजलं होतं. गेलेलं बाळ लिहायलाही हात धजत नाही. तरी लिहिलं होतं. तेव्हा कुणी मायेपोटी दोन-चार मृत्यू दोरीबाहेर सारले असते, तर फरक किती पडला हे कळलंच नसतं, आणि आज आईच्या खांद्याला ती पिशवी नसती.

पहाटे तिनं निवेदन पहिल्यापासून लिहिलं. आरंभच असा केला: माझ्या आलेखाला अडीच किलोवर शिंग आहे. मग ते शिंग कसं आलं, कुणाच्या दारात आलं, आणि आपण ते आधी कसं लपवलं, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, की माणसं आकडे वाकवतात ती लबाडीनं कमी आणि दयेनं, भीतीनं जास्त. अशा वाकलेल्या आकड्यांतून खरं वजन कसं शोधायचं, ते मला शिकायचं आहे. छापील फॉर्मात मावेल त्यापेक्षा ते चार ओळी जास्त झालं. "जगाचं कल्याण" आणि "लहानपणापासूनची आवड" ही दोन वाक्यं काढल्यावर बरोबर बसलं.

एवढं लिहून झाल्यावर उरलेल्या तीन अर्जांची निवड अवघड राहिली नाही. तिनं कागदावर चौकट आखली आणि तिघांना तेच पाच प्रश्न लावले. शिकवणारे कोण आहेत आणि ते स्वतः काय मोजतात? वर्गात शिरलेल्या सगळ्यांचं पुढं काय झालं, नुसतं गाजलेल्यांचं नव्हे? खऱ्या माणसांची, खऱ्या घरांची आकडेवारी हाताळायला मिळते का, की पुस्तकातलीच उदाहरणं? फी, वसतिगृह, खाणावळ धरून दोन वर्षांचा खर्च किती? आणि मला जो प्रश्न पडलाय, त्याच्या जवळपास कोण आहे?

मुंबईचा समुद्र, वेल्लोरच्या नावाचा दबदबा, मैत्रिणीची सोबत, हे सगळं तिनं वेगळ्या कागदावर लिहून काढलं आणि त्यावर मथळा दिला: कणीस. तिचा प्रश्न घरातल्या झोळीत जन्मला होता, रुग्णालयातल्या खाटेवर नव्हे. घरोघर जाऊन माहिती घेताना ती कुठं वाकते, हे रोज बघणारी जागा देवनारची होती. ती पहिली. वेल्लोर दुसरं. सोलापूर तिसरं, पण ठामपणे यादीत. तिथं संख्याशास्त्राचा पाया पक्का झाला असता आणि वर्ष वाया गेलं नसतं. एकाच अर्जावर सगळं वर्ष लावणं म्हणजे एकाच खुंटीवर चौकट आखणं.

आप्पांना सोलापूरच हवं होतं. "सावतोबा कुटं गेले पंढरपूरला? हितंच अरणला मळ्यात ऱ्हायले. पांडुरंगाची पालखी त्यांच्याकडं येती."

आबा हसले. "सावतोबा काय जायचा कंटाळा म्हणून ऱ्हायले व्हय? त्यांचं मूळ मळ्यात हुतं. हिचं कुटं हाय, ते हिनंच माती सारून बगितलंय."

आप्पांनी देवनारच्या प्रवेश परीक्षेची फी भरायला पैसे काढून दिले.

परीक्षेचा निकाल काय लागला, ही गोष्ट तिथवर जात नाही. ती संपते एप्रिलमधल्या एका दुपारी, वाडीच्या टोकाच्या घरात. आईनं तीन दिवसांचं बाळ झोळीत घातलं, काटा आढ्याच्या दोरीला अडकवला आणि हात सोडला. बाळानं पाय झाडले. सुई पुढं-मागं हलली. आई थांबली. एरवी ती सुई वर गेली, की लगेच लिही. आज बाळ शांत होईपर्यंत थांबली.

दारातून आवाज आला, "किती भरलं गं?"

"दोन किलो चारशे."

"आँ? वरच्या आळीतलं तर पंचवीस भरलं हुतं."

"हे चोवीसच हाय, मावशी. म्हणून मला हितं जास्त वेळा यावं लागंल." आईनं वहीत आकडा लिहिला आणि पोटाशी कपडा घट्ट धरून बसलेल्या बाळंतिणीकडे बघून म्हणाली, "हिची चूक न्हाई काय. बाळ उघडं ठिऊ नका, अंगावरचं दूध पाजत ऱ्हावा. परवाच्याला येते."

म्हातारीनं तोंड वाकडं केलं, पण चहाला आधण ठेवलं.

तात्पर्य: कणीस कुठं झुकतं ते वारा ठरवतो. मोजताना माती सारून मूळ बघावं. दुसऱ्याच्या रानात बघण्याआधी आपल्या.